इस्त्री केलेलं दुखणं

९ जानेवारी

सर्जनबाईंनी सांगितलंय, रोज लिहायचं. कुठे दुखलं, किती दुखलं, एक ते दहामधला आकडा टाकायचा. विमा कंपनी नंतर ते मागते म्हणे. त्यासाठी त्यांनी चौकटी आखलेली वही दिली आहे आणि ती मी इमानेइतबारे भरते आहे. पण चौकटीत आकडा मावतो, माझी बडबड मावत नाही. म्हणून ही दुसरी वही. ही कुणालाच दाखवायची नाही.

तर गोष्ट अशी, की माझी छाती फार मोठी आहे. लिहिलं एकदाचं! चव्वेचाळीस वर्षांची घोडी झाले, पण हे वाक्य तोंडातून कधी बाहेर पडलं नव्हतं. सर्जनबाई मात्र 'स्तन' हा शब्द भाजीवालीने 'कोबी' म्हणावं तसा म्हणतात, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा. मी सारखी दाराकडे बघत होते.

मोठी म्हणजे कुणी कौतुक करावं अशी नाही. मान आखडते, पाठ भरून येते, खांद्यांवर पट्ट्यांचे चर पडलेत आणि उजव्या हाताची दोन बोटं मनाला येईल तेव्हा झोपी जातात. माझं सगळं पोट त्या हातावर आहे. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात मी कटर आहे. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि मशिनच्या सुरीने कापत जायचं. परवा सुरी सरकली. अंगठ्यावर निभावलं, पण मालकीणबाई समोरच उभ्या होत्या. त्या माझ्या हाताकडेच बघत राहिल्या. हात गेला की मी बटणं लावायला बसणार, दुसरं काय.

सर्जनबाई म्हणतात, कमी करता येतात, हात सुधारेल. खर्च आमच्या आवाक्यातला नाही. कारखान्याच्या पॉलिसीतून मंजुरी मिळाली तर ऑपरेशन, नाहीतर आहे तसं ओढायचं.

नवऱ्याला सांगितलं. तो फ्रिज दुरुस्त करतो, त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे तो 'बिघाड नेमका कुठे' अशा नजरेने बघतो. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "करून टाक. तुझं ते... ते जे काय प्रकरण आहे ते." लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून 'प्रकरण'!

१३ जानेवारी

आईला कळलं. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन्ही कोपरं टेकून, पुढे वाकून उभी राहते आणि तिथून सगळ्या घरावर तोफा डागते. "बसून बोल की" म्हटलं तर म्हणते, मला उभ्यानेच बरं वाटतं.

"देवानं दिलंय ते कापून टाकायचं?" पहिली तोफ. "आमच्या वेळी नव्हत्या का बायका? संसार केले, पोरं वाढवली. कुणाला कळलं तरी का?"

"कळलं नाही हेच चुकलं, आई."

जरा वेळाने, "भूल उतरताना उलट्या होतात का गं?"

"मला काय माहीत?"

"विचारून घे. आणि टाके कुठे घालतात तेही विचार. आणि नंतर हात वर करता येतो का."

खोट काढायला बसली की आईचा हात कुणी धरू शकत नाही.

४ फेब्रुवारी

कागदांवर मालकीणबाईंची सही हवी होती, म्हणून त्यांना सांगावं लागलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला? कुठे काय दिसतंय?"

खरं सांगू? लाज वाटण्याऐवजी माझी कॉलर ताठ झाली. माझे सगळे कपडे मीच बेतते. दुकानातला शर्ट मला आयुष्यात बसला नाही. खांद्याला बसला तर बटणं लागत नाहीत, बटणं लागली तर खांदे कोपरापर्यंत उतरतात. मग मी काय करते, तर एकाऐवजी चार लहान टक्स, म्हणजे आत दुमडून शिवलेल्या चिमट्या, घेते आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी वाटते. बगलेत गडद रंगाची कळी, म्हणजे तिरका जोडतुकडा, घालते, म्हणजे नजर मधल्या उजळ भागावरच राहते. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, जरा वर उचलते. लोकांना वाटतं, बाई अंगाने धिप्पाड आहे. तेवढंच वाटायला हवं.

मालकीणबाईंनी सही केली. जाताना म्हणाल्या, "माझ्यासाठी पण एक बेत असा." म्हणजे सहीची किंमत एक शर्ट.

२२ फेब्रुवारी

खांद्यांचे फोटो पाठवायचे होते. नवऱ्याला फोन धरायला दिला तर सगळे फोटो हललेले. शेवटी लेकीला बोलावलं. ती कॉलेजात आहे, तिला कसलंच काही वाटत नाही. "आई, पोज काय देतेस? नेहमीसारखी उभी राहा ना."

"नेहमी अशीच उभी असते मी."

"कुणी बघत असलं की. एकटी असलीस की प्रश्नचिन्हासारखी असतेस."

शिवाय विमा कंपनीला अंदाजे वजन हवं आहे. किती ग्रॅम काढणार, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. सर्जनबाईंनी लिहून दिलं. आकडा बघून नवरा पहिल्यांदा या विषयावर मोकळेपणाने बोलला. "एवढं ओझं घेऊन तू जिना चढतेस?" संध्याकाळी बाजारातून आल्यावर सगळ्या पिशव्या त्यानेच वर आणल्या.

घरात रुमाल पुन्हा नाहीसे व्हायला लागलेत. कापून उरलेल्या मऊ तुकड्यांचे मी रुमाल करते, कडेला माझी ठरलेली नागमोडी शिलाई घालते. आई ते गायब करते. विचारलं तर म्हणते, तुझाच वेंधळेपणा. म्हातारपणी माणसाला साठवणुकीचा नाद लागतो, हेच खरं.

१९ मार्च

आलं पत्र. "सौंदर्यवर्धनासाठीच्या शस्त्रक्रिया या पॉलिसीत समाविष्ट नाहीत."

सौंदर्यवर्धन! मी काय आरशापुढे गिरक्या घेणार आहे? मला कापड कापायचंय. मला पालथं झोपायचंय. सुटलेल्या बसमागे चार पावलं धावायचंय, धावताना छातीवर दोन्ही हात न आवळता. यात सौंदर्य कुठे आलं?

कंपनीत फोन लावला. तिथल्या बाईचं नाव मी होल्डबाई ठेवलंय. गोड आवाजात म्हणते, "कृपया लाइनवर राहा," की लागलं ते संगीत. चार सूर, पुन्हा तेच चार सूर. घरातले सगळे आता ते गुणगुणायला लागलेत. होल्डबाई शेवटी म्हणाल्या, अपील करता येईल. आधी व्यायामोपचार पूर्ण करा, मग आमचे डॉक्टर स्वतः तुम्हाला बघतील.

रडले नाही. चिडले की मला भूक लागते. तिघांचं जेवण एकटीने जेवले.

१२ एप्रिल

व्यायामवाल्याकडे जाते आहे. चांगला माणूस आहे. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मी मान मोकळी करून देईन, पण ओझं तिथेच राहणार. बादली भरलेली असताना हाताला मालीश करून काय उपयोग?" तसं लिहूनही दिलं. तरी जातेय, कारण कंपनीला तशी नोंद हवी.

ऑपरेशनची माहिती देणारी पुस्तिका सर्जनबाईंनी दिली होती, चित्रांसकट. ती आठवडाभर सापडत नव्हती. आज आईच्या कपाटात, गाऊनच्या घडीत मिळाली. विरोध करावा तर किती! तोंडाने बोलून झालं, आता वस्तू लपवायला लागली. मी काही बोलले नाही, पुस्तिका गुपचूप काढून घेतली. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता, 'वयस्क रुग्णांसाठी' असं काहीसं पान. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी वयस्क! टोमणा मारायचा तर समोर मारावा ना.

६ मे

कंपनीच्या डॉक्टरांनी आज बघितलं. फार छान झालं.

कालपासून घरात लगबग होती. मी मोरपंखी शर्ट काढला. माझ्या हातचं सगळ्यात उत्तम काम, त्यात चार नाही, सहा टक्स आहेत. आईने तो स्वतः इस्त्री करून दिला, कॉलरला खळ घालून. तिचा विरोध एकीकडे आणि इस्त्री एकीकडे. "चार लोकांत जायचं तर नीटनेटकं जावं," म्हणाली. लेकीने केस बांधून दिले. नवऱ्याने माझी चप्पल पुसून दारात ठेवली. मुलाखतीला निघाल्यासारखी निघाले.

डॉक्टर तरुण होते, अदबीचे. विचारलं, "दुखतं का?"

मी म्हटलं, "थोडंफार चालायचंच."

"काम होतं?"

"होतं की! वीस वर्षं करते आहे."

"झोप?"

"लागते."

हात वर करायला सांगितले, केले. मान फिरवायला सांगितली, कळ आली पण फिरवली. तक्रारखोर वाटायला नको. शर्ट काढा असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विषय काढला नाही. दोघंही सभ्य. निघताना म्हणाले, "तुमची तब्येत चांगली राखली आहे तुम्ही."

एवढ्या भल्या माणसाने बघितलंय म्हटल्यावर काम होणार. येताना सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणलं.

२४ मे

नामंजूर.

सोबत डॉक्टरांचा शेरा. "ठेवण ताठ. हालचाली सहज. त्रास सौम्य. स्तनांचा आकार शरीराच्या प्रमाणात."

प्रमाणात! वीस वर्षांत माझ्या शिवणकामाची एवढी तारीफ कुणी केली नव्हती.

आज मात्र रडले. कारखान्याच्या मागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये तोंड खुपसून. आठवड्यात दुसऱ्यांदा सुरी सरकली होती आणि मालकीणबाईंनी नव्या मुलीला माझ्या टेबलाशी उभं करून सांगितलं, "बघून शिकून घे." मी काही दूधखुळी नाही.

२६ मे

सर्जनबाईंना शेरा दाखवला. त्या आधी हसल्या आणि मग डोक्याला हात लावला. "कोणते कपडे घालून गेला होतात?"

सांगितलं.

"बाई, तुम्ही पुरावाच शिवून टाकलात."

घरी येऊन हे सांगितलं तर नवरा ताडकन उठून उभा राहिला. "हेच! हेच मला रोज भोगावं लागतं. लोकांचा फ्रिज बिघडतो, मला बोलावतात आणि मी पोचायच्या आत तो रिकामा करून, घासूनपुसून ठेवतात. परका माणूस येणार, घाण कशी दाखवायची! मग मी काय दुरुस्त करू? मला बर्फ कुठे साचला ते बघायचं असतं!"

पटलं. मी म्हटलं, दुखणं दाखवायला न्यायचं तेही मी इस्त्री करून नेलं. आणि हे नुसतं त्या दिवसापुरतं नाही. कुणी विचारलं, कशी आहेस, की 'मजेत'. पाठ जळत असते, तोंड म्हणतं 'मजेत'. ही सवय कुठून लागली कोण जाणे. आईला विचारलं तर म्हणाली, "बाईनं आपलं रडगाणं चव्हाट्यावर मांडू नये." आणि ओट्यावर टेकून भाजी निवडत राहिली.

शेवटची एक पायरी बाकी आहे. तीन डॉक्टरांची समिती. तिथेही नाही म्हणाले की विषय संपला.

११ जून

आज समिती. सगळं नीट लिहायला हवं.

मी कारखान्यातला तयार शर्ट घातला, दुकानात जातो तसाच, माझ्या खांद्याच्या मापाचा. एकही टक्स नाही. बटणं लावली, पण दर दोन बटणांच्या मध्ये शर्ट आ वासत होता. आतून बनियन घातलं तरी आरशात बघवेना. वीस वर्षं मी हे कुणाला दिसू दिलं नव्हतं आणि आता भर दिवसा हे घालून बसने जायचं.

नवऱ्याला मोठ्या दुकानाच्या शीतगृहाचं काम आलं, लेकीची परीक्षा. आई म्हणाली, "मी येते. पिशवी धरायला." मला वाटलं, आता वाटेत देवाने दिलेल्याचं प्रवचन. पण ती एक शब्द बोलली नाही. रस्त्याने माझ्या अर्धं पाऊल पुढे चालत होती, कागदांची पिशवी दोन्ही हातांनी उंच धरून. बसमध्ये एक माणूस टक लावून बघायला लागला तशी ती बरोबर मध्ये येऊन उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "काय हरवलंय का तुमचं?" तो पुढच्या थांब्यावर उतरला.

समितीच्या खोलीत लांब टेबल, तिघं जण. मधल्या वयस्क डॉक्टरीण बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी विचारलं, "रोजच्या आयुष्यात नेमका काय त्रास होतो?"

ठरवून गेले होते. तोंडपाठ केलं होतं. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? "तसा काही फार..."

"खोटं बोलतेय," आई म्हणाली.

ती दारापाशी खुर्चीवर होती. पिशवी मांडीवर. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"सकाळी उठताना आधी दोन्ही हातांनी सावरून धरावं लागतं, मग उठता येतं. नाहीतर मानेत चमक निघते. उताणं झोपलं की श्वास दाबतो, कुशीवर झोपलं की एकीकडचं ओझं ओढतं. उन्हाळ्यात खाली घामानं कातडं सोलवटतं, पावडर टाकली तर गोळे होतात, रुमाल ठेवावा लागतो. वाकून बोळ्यानं पुसायचं काम करता येत नाही. चालताना माणसं कुठे बघतात ते कळतं, म्हणून खाली बघून चालायची सवय लागते, मग पाठ वाकते. आणि उभं राहून राहून थकलं, की कुठेतरी टेकायचं. टेबल असो, कठडा असो. तेवढ्यापुरतं कुणीतरी ओझं घेतल्यासारखं वाटतं."

माझ्या डोळ्यांत पाणी. मी हे तिला कधी सांगितलं होतं? एवढं तर मी या वहीतही लिहिलेलं नाही. आई दिवसभर टोचून बोलते, पण तिचं लक्ष किती बारीक असतं! मला काय होतं ते तिने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. आईची माया ती आईची माया.

डॉक्टरीण बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आईकडे बघितलं, बराच वेळ. मग विचारलं, "आणि तुम्हाला, आजी?"

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "हिचं बघा."

मग मला पडद्याआड नेलं. शर्ट काढला. बाईंनी खांद्यावरच्या चरात बोट ठेवलं, बोटांना टाचणी टोचून बघितली, दोन बोटांना काही कळलं नाही. "हे आधी का सांगितलं नाहीत?" म्हणाल्या. मी म्हटलं, "दुखतं. खूप दुखतं. हात गेला तर माझं काम जाईल." एवढंच. पण न सावरता बोलले.

१२ जून

कालपासून आई गप्प गप्प आहे. मी तिला घट्ट मिठी मारायला गेले तर, "हो बाजूला, भात लागेल." बाकी कुठल्याही गोष्टीला भात लागतो हिचा.

३ जुलै

मंजूर! मंजूर! मंजूर!

होल्डबाईंनी स्वतः फोन केला. मी सवयीने म्हटलं, "लाइनवर राहते." त्या हसल्या. साडेतीन महिन्यांत त्यांचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. "राहायची गरज नाही, मॅडम. मंजूर झालंय." मग हळूच, "मला फार बरं वाटलं हो."

नवऱ्याने बातमी ऐकून फ्रिज उघडला, आत बघितलं आणि बंद केला. आनंद झाला की हेच करतो. लेकीने होल्डवरचे चार सूर गात घरभर नाच केला. आई ओट्यापाशी होती. "झालं ना तुझ्या मनासारखं," म्हणाली आणि डोळे पुसले. कांदा चिरत नव्हती.

२५ जुलै

लिहिता येतंय, पण हळूहळू. ऑपरेशन झालं. उलट्या झाल्या, एकदाच. आईला प्राधान्याने कळवलं.

शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी माझ्यावरून उठून गेलंय. दुखतंय भरपूर, पण हे दुखणं वेगळं आहे. हे जाणार आहे.

१६ ऑगस्ट

टाके बघायला गेलो. आई बरोबर आलीच. सर्जनबाईंना तिने इतक्या चौकशा केल्या, की मागचे रुग्ण चुळबुळायला लागले. रक्तदाब असला तर चालतं का, आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तर चालतं का, किती वयापर्यंत करतात. सर्जनबाई म्हणाल्या, वयाचं एवढं नाही, तब्येत धड हवी. आईने मान डोलावली. शेजारच्या आजींसाठी विचारत असणार. गावच्या उठाठेवी करायला हिला नेहमीच वेळ असतो.

८ सप्टेंबर

कामावर पहिला दिवस. थर अंथरले, आखलं, कापलं. बोटं जागी आहेत. करंगळीला अजून थोड्या मुंग्या येतात, पण सुरी रेघेवरून गेली ती हलली नाही. नवी मुलगी बघून शिकत होती. मालकीणबाई लांबून बघत होत्या आणि मग त्यांच्या कामाला लागल्या.

घरी येऊन पालथी झोपले. चादरीला गाल लावून, हात पसरून. नवरा म्हणाला, "काय शोधतेस?" म्हटलं, काही नाही. अशी झोपते मी आता.

जुने शर्ट सगळे अंगावर लोंबतात. मोरपंखी उसवायला घेतला. सहा टक्स एकेक करून सोडवले. काय बारीक टाके घातले होते मी! वाईट नाही वाटलं. कौतुकच वाटलं, पण पुन्हा घालायचे नाहीत.

२१ सप्टेंबर

उरलेल्या कापडातून आईला गाऊन शिवावा म्हटलं. आई माप कधी देत नाही. आजवर दर वेळी जुना गाऊन पुढे करते, "यावरून बेत." सैल, पोत्यासारखा. आज मी जुना मागितला तर म्हणाली, "तो विरलाय पार." थोडी थांबली. "घे माप."

मी टेप घेऊन मागे उभी राहिले. खांद्यावर टेप धरायला बोट ठेवलं आणि ते आत गेलं. चरात. माझ्या खांद्यावर होता त्याहून खोल. गाऊनच्या आत पट्ट्याखाली काहीतरी मऊ घडी लागली. बाहेर ओढली. रुमाल. कडेला माझी नागमोडी शिलाई.

दुसऱ्या खांद्यावर दुसरा.

मी टेप हातात घेऊन उभी. मग एकेक आठवायला लागलं. ओटा. पुस्तिकेचं दुमडलेलं पान. समितीपुढे बोललेला एकेक शब्द. मी कारखान्यात टेबलावर टेकायचे, ती इथे ओट्यावर. मी मूर्ख, मूर्ख, मूर्ख. आयुष्यभर माणसांची मापं घेतली आणि घरातलं एक माणूस मापायचं राहिलं.

"कधीपासून, आई?"

"तू पोटात होतीस तेव्हापासून."

"बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस? चव्वेचाळीस वर्षं?"

मी तिच्या पाठीवर डोकं टेकून रडले. ती म्हणाली, "टेप भिजेल." पण सरकली नाही.

"तुला करायचंय का गं?"

मग भिंतीकडे बघत म्हणाली, "तू पालथी झोपतेस ते बघते मी रोज."

आई आमच्या पॉलिसीवर आहे, मोतीबिंदूही त्यावरच झाला. मी लगेच फोन लावला. चार सूर, पुन्हा चार सूर. आई ओट्यावर कोपरं टेकून उभी, ऐकत नसल्याचं सोंग घेऊन. होल्डबाईंनी आवाज ओळखला. "अहो मॅडम, आता काय झालं?"

"आता माझी आई."

मग कीबोर्डचा आवाज. "वय? बहात्तर. बरं. मॅडम, तुम्हाला प्रक्रिया माहीतच आहे. व्यायामोपचार, नोंदी आणि आमचे डॉक्टर त्यांना एकदा बघतील. चालेल का आजींना?"

मी फोनवर हात ठेवून आईला विचारलं, "पाहणीला यावं लागेल म्हणतायत. येशील?"

आईने ओट्यावरून कोपरं उचलली, दोन्ही हातांनी स्वतःला सावरून सरळ उभी राहिली.

"येते म्हणावं," ती म्हणाली. "आणि सांग तिला, इस्त्री न करता येते."